झडपेला रंधा चालत नाही

तात्यांना कुणी घरी बोलावलं की ते आधी दाराशी बोलायचे, माणसांशी नंतर. बाहेरच उभं राहून दार दोनदा पुढे-मागे हलवायचे, कान लावायचे, अंगठ्याने बिजागरी चाचपायचे आणि मग आतल्या मंडळींना सांगायचे, "वरची रडतेय. खालची मुकाट सोसतेय." घरातल्यांना वाटायचं, हे सासू-सुनेबद्दल बोलतायत. एकदोन घरांत त्यावरून खरंच भांडणं पेटली, आणि दार राहिलं बाजूला.

दारं-खिडक्या दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना बिजागरीतात्या म्हणत. खांद्याला पिशवी, पिशवीत रंधा, पटाशी, स्क्रू-पिनांचा डबा. ही पिशवी ते लग्नातही घेऊन जात. मात्र त्यांच्या स्वतःच्या घरातलं एकही दार धड लागत नसे. बायको होती तोवर म्हणायची, "या माणसाशी लग्न झाल्यापासून मी आंघोळीला बसले की गाणं म्हणते. हौस म्हणून नाही. आत कुणी आहे हे बाहेर कळावं म्हणून."

दारांबद्दल तात्यांचं एक शास्त्र होतं. अडकलेलं दार म्हणजे फुगलेलं दार. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि चौकटीत रुतून बसतं. त्यावर औषध एकच, रंधा. आणि रंधा मारून झाल्यावर एक बारीक फट ठेवायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "तात्या, फट दिसतेय हो." तात्या म्हणायचे, "दिसू दे. फट नसलेलं दार आणि चूक नसलेला माणूस, जरा ओल आली की दोघंही उघडत नाहीत."

लेकीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलगा भाड्याची गाडी चालवायचा, त्याची आई घरी कपडे शिवायची. मुलाला एकही प्रश्न विचारायच्या आधी तात्यांनी त्या घरातली सगळी दारं उघडून बघितली. कपाटाचंसुद्धा. कपाटातून गिऱ्हाइकांचे शिवून ठेवलेले कपडे धबाधबा त्यांच्या अंगावर पडले. त्या ढिगातून डोकं बाहेर काढून तात्या म्हणाले, "दारं बरी आहेत. आमची पसंती आहे."

विहीणबाई हे कधी विसरल्या नाहीत. "माझा मुलगा कुठं पसंत केला यांनी," त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझ्या संडासाची कडी पसंत केली."

अशा या माणसाला नात झाली, आणि नातीच्या हृदयातली नेमकी झडपच बिघडलेली निघाली.

मुलगी जन्मली ती जांभळट. रडली, पण रंग येईना. तिला लगेच वरच्या मजल्यावर, काचेच्या पेटीत ठेवलं. लेकीचं सिझेरियन झालेलं, ती खालच्या मजल्यावर आडवी. तिला उठायची परवानगी नव्हती आणि बाळ तिनं नीट पाहिलंही नव्हतं. वर, बाहेरच्या खोलीत, तिघं बसले होते. तात्या, विहीणबाई आणि मधे जावई.

हृदयाच्या डॉक्टरीणबाई आल्या. अंगाने बारीक, पायात रबरी चपला. त्या तिघांसमोर बसल्या आणि सोपं करून सांगू लागल्या.

"हृदयातून फुफ्फुसाकडे रक्त जातं ना, त्या वाटेवर एक झडप असते. बाळाची ती झडप जन्मतःच अरुंद आहे. झडपेची दारं एकमेकांना चिकटलीयत. मधे अगदी बारीक भोक उरलंय."

विहीणबाई पुटपुटल्या, "झालं." जावयाने डोळे मिटून घेतले.

तात्यांनी खुर्ची पुढे ओढली. "दारं किती?"

"तीन."

"एका चौकटीत?"

"हो. म्हणजे, तसं म्हणू शकतो."

"आत उघडतात की बाहेर?"

"बाहेर. फुफ्फुसाच्या दिशेनं."

"बिजागऱ्या कुठल्या?"

"बिजागऱ्या नसतात, आजोबा."

तात्या मागे टेकून बसले. एवढी मोठी चूक कुणी केली असावी, हे त्यांना विचारायचं होतं. पण ज्यानं केली त्याच्याशी आपली ओळख नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं.

"मग आत्ता रक्त जातंय कुठून?"

"पोटात असताना बाळांना एक मागची वाट असते. जन्मल्यावर ती हळूहळू बंद होते. ती बंद होऊ नये म्हणून आम्ही औषध चालू ठेवलंय."

"मागच्या दाराला पाचर मारलीय म्हणा की."

"अगदी बरोबर," डॉक्टर खूश होऊन म्हणाल्या. "पाचरच."

इथे त्या फसल्या. दाराच्या भाषेत एकदा आत शिरलेल्या माणसाला तात्यांनी कधीच बाहेर सोडलेलं नाही.

"पाचर काही कायमची नसते," तात्या म्हणाले.

"नसतेच. शिवाय त्या औषधानं बाळ कधीकधी श्वास घ्यायचं विसरतं. म्हणून मला पुढचं दार लवकर उघडायचंय. छाती उघडायची नाही. जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. नळीच्या टोकाला फुगा असतो. तो झडपेच्या मधोमध आणायचा, क्षणभर फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात. मग फुगा मिटवून बाहेर."

मग तात्या अगदी शांतपणे म्हणाले, "फुगवायचा."

"हो."

"अडकलेल्या दारात."

"हो."

"डॉक्टर, दार अडकतं कशानं? फुगल्यानं. सबंध आयुष्य मी फुगलेलं उतरवत आलो, आणि तुम्ही म्हणताय आणखी फुगवू."

"हे लाकूड नाही, आजोबा."

"ते कळतं मला. लाकूड असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?"

"बरं, मी वेगळं सांगते."

"हवेनं फुगवणार?"

"हवेनं नाही. पातळ औषध असतं. पाण्यासारखं."

तात्या विहीणबाईंकडे वळले. "पाण्यानं म्हणतायत."

"ऐकलं मी," विहीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांना कळलं की दार बंद करायला हवं. त्यांनी विहीणबाईंच्या गळ्यातली माप घ्यायची टेप पाहिली आणि त्या तिकडे वळल्या. "आजी, तुम्ही काज समजा. बटणाचं काज. ते लहान झालंय."

विहीणबाई सावरून बसल्या. आता विषय त्यांच्या हद्दीत आला होता. "लहान काजात फुगा घालत नाही कुणी. ब्लेडनं टोक उसवतात."

"उसवायचं म्हणजे ऑपरेशन आलं. त्यापेक्षा ताणलेलं बरं."

"ताणलेलं काज परत आवळत नाही. बटण सुटत राहतं."

"बरोबर, तेच मला सांगायचं होतं. थोडंसं—"

"दाराचं चाललंय," तात्या म्हणाले. "काज कुठून आलं मधे?"

"तुमचं दार आलं तेव्हा मी बोलले का काही?"

"झडप म्हणाल्या त्या. झडप म्हणजे दार. काज त्यांनी नंतर काढलं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"मला वाईट वाटायला काय झालंय? माझी पण नात आहे ती."

जावयाने डोळे उघडले. "टायरमध्ये ट्यूब फुगवतात, तसं का डॉक्टर?"

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आशा दिसली. "हो, साधारण तसंच."

"ट्यूब काढल्यावर टायर बसतो," तात्या म्हणाले. जावई पुन्हा डोळे मिटून बसला.

आता कुणी म्हणेल, सही बापाची लागते, आजोबाचं काय एवढं मनावर घ्यायचं. पण जावयाने खाली बायकोला फोन लावला होता.

"बाबा काय म्हणतायत?" तिनं विचारलं.

"बाबा म्हणतायत, लाकूड पाण्यानं फुगतं."

"म्हणजे नको म्हणतायत?"

"मला कळत नाहीये."

"मग ते हो म्हणेपर्यंत सही करू नकोस. उघडायचं कसं हे त्यांनाच कळतं."

याला कारण होतं. लहानपणी ती न्हाणीघरात अडकली होती. शेजारपाजारचे पहारी घेऊन धावले; दार फोडू म्हणाले. तात्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. बाहेरून एकेक खिळा काढत, आत रडणाऱ्या पोरीशी गप्पा मारत, त्यांनी अख्खं दार चौकटीसकट उतरवलं आणि तिला उचलून घेतलं. ते दार पुन्हा कधी नीट बसलं नाही ही गोष्ट वेगळी. पण मुलीच्या मनात एक पक्कं बसलं, की बाकीचे दार फोडतात आणि बाबा उघडतात.

डॉक्टर खाली जाऊन तिच्याशी स्वतः बोलल्या, तरी तिचं तेच. "बाबांना विचारा."

वर येऊन त्या तात्यांना म्हणाल्या, "मी तयारी करून ठेवते. तुम्ही विचार करा. पण मला संध्याकाळपर्यंत थांबवू नका." आणि आत गेल्या.

तात्या विचार करू लागले. आणि त्या खोलीचं दार आपटू लागलं.

आपटत ते आधीपासूनच होतं. कुणी आलं-गेलं की धाड. पण आता ते तात्यांच्या विचारात आपटत होतं. ते उठले. पिशवी उघडली. थोड्या वेळाने दारावरचा वॉचमन पाणी पिऊन परत आला, तेव्हा तो ज्या दारावर होता ते दार तीन खुर्च्यांवर आडवं झोपलेलं होतं.

"काका, काय करताय?"

"विचार करतोय."

"विचार करायला दार कशाला काढलं?"

"लोक डोकं खाजवतात. मी दार काढतो."

"अहो, पण माझी ड्यूटी दारावर आहे."

"मग बसा की," तात्यांनी आडव्या दाराकडे बोट दाखवलं. "मजबूत आहे."

वॉचमन मोठ्या पेचात पडला. दार नसलेल्या जागी उभं राहून लोकांना अडवायचं की दाराजवळ खुर्च्यांपाशी उभं राहायचं, हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. तो दोन्हींच्या मधे उभा राहिला.

तात्यांनी दाराच्या कडेवरून हात फिरवला. ही कड त्यांना कळत होती. इथे घासलंय, इथे झिजलंय, इथे कुणीतरी घाईत लांब स्क्रू ठोकलाय. नातीची झडप अशी हातात घेऊन बघता आली असती, तर त्यांनी हो किंवा नाही लगेच सांगितलं असतं.

"बोरीच्या बीएवढं हृदय असेल का हो?" त्यांनी विचारलं.

"जरा मोठं," विहीणबाई म्हणाल्या. "आवळ्याएवढं म्हणाली सिस्टर."

"आणि त्यात तीन दारं."

तेवढ्यात तीच सिस्टर बाहेर आली. "बाळानं मघाशी श्वास थांबवला होता. तळपायाला टिचकी मारली, परत घ्यायला लागलीय. डॉक्टर विचारतायत, काही ठरलं का?" उत्तराची थोडा वेळ वाट बघून ती आत गेली.

तात्या ताडकन उठले आणि दार बसवायला लागले. नातीला श्वास घ्यायला लावणं त्यांच्या हातात नव्हतं; दार बसवणं होतं. त्यांनी ते उभं केलं, चौकटीला भिडवलं, स्क्रू लावला. स्क्रू पडला. दुसरा लावला, तो तिरका गेला. लोखंडी चौकट होती, भोकं जुळेनात. वरचं जुळलं की खालचं सरके. त्यांनी दार परत काढून खुर्च्यांवर ठेवलं आणि हातांकडे बघत बसले.

"व्याहीबुवा," विहीणबाई हळूच म्हणाल्या, "हात थरथरतायत तुमचे."

"दार जड आहे."

"दार खाली ठेवलंय तुम्ही."

तात्या हात मांड्यांखाली दाबून बसले.

डॉक्टर आल्या त्या सवयीने दाराची मूठ धरायला हात पुढे करत. हातात काहीच आलं नाही. त्यांनी रिकाम्या चौकटीकडे पाहिलं, मग आडव्या दाराकडे, मग वॉचमनकडे. वॉचमनने मान खाली घातली. काही न विचारता त्या दाराच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसल्या. आता दार दोघांच्या मधे होतं, टेबलासारखं.

"मी पटवायला आले नाही," त्या म्हणाल्या. "वाईट काय होऊ शकतं ते सांगायचं राहिलं होतं. फुग्यानं झडप फाटू शकते. ठोके बिघडू शकतात. क्वचित बाळ जातंही. तसं होऊ नये म्हणून आम्ही सगळं करतो, पण होतच नाही असं मी म्हणणार नाही. एकदा केलेलं पुरलं नाही तर पुढे परत करावं लागेल. आणि सगळं मनासारखं झालं तरी झडप मग पूर्वीसारखी घट्ट मिटत नाही. थोडं रक्त मागे गळत राहतं."

"फट राहते," तात्या म्हणाले.

"हो."

"कायमची?"

"बहुतेक. आम्ही दरवर्षी तपासत राहू. त्या फटीसकट पोरं शाळेत जातात, पळतात, मारामाऱ्या करतात."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगत होते. तुम्ही काजावरून भांडत होतात."

तात्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी छताकडे पाहिलं.

"तुमचा हात दाखवा," तात्या म्हणाले.

डॉक्टरांनी गोंधळून तळहात पुढे केला. "आजोबा, माझा भविष्यावर विश्वास नाही."

"माझाही नाही. पालथा करा."

त्यांनी हात पालथा केला. तो दाराच्या वर तसाच थांबला. तात्या वाकून बघत राहिले. त्यांनी आजवर बरेच कारागीर ठेवले होते नि काढले होते, आणि कुणालाही त्यांनी तोंड बघून ठेवलं नव्हतं. डॉक्टरांचा हात हलत नव्हता. विहीणबाईंनी, कुणी सांगितलेलं नसताना, आपलाही हात शेजारी धरला. मग वॉचमननेही. त्याचा जरा हलत होता. "मी जेवलो नाहीये," तो म्हणाला. जावयाचा हात इतका हलत होता की त्याने तो आपणच खिशात घातला.

"उघडा," तात्या डॉक्टरांना म्हणाले. "जावईबापू, सही करा."

"बाबा, माझा हात—"

"तुमचा हात कोण बघतंय? तुम्हाला फुगा धरायचा नाहीये."

जावयाने आधी खाली फोन करून सांगितलं, "बाबा हो म्हणाले," आणि मग सही केली. ती नेहमीपेक्षा बरी आली, असं विहीणबाईंचं मत पडलं.

बाळाची पेटी ढकलत नेली. तिघं वाट देऊन उभे राहिले; नळ्यांच्या गर्दीत एक टोपी तेवढी दिसली. पलीकडचं मोठं दार मिटलं, आणि इकडे वॉचमन रडकुंडीला आला.

"काका, आता तरी दार लावा हो. साहेबांची फेरी असते. बिनदाराची खोली दिसली तर मलाच काढतील."

"बसत नाहीये ते."

"निदान दिसू तरी दे लावल्यासारखं."

यावर कुणालाच दुसरा उपाय सुचला नाही. मग तात्या, विहीणबाई आणि वॉचमन यांनी मिळून ते दार उचललं आणि चौकटीत धरून उभे राहिले. तात्या बिजागरीच्या बाजूला, विहीणबाई मधे, वॉचमन कडीच्या बाजूला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, छान दार आहे, बंद आहे. जावई खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत होता. त्याला धरायला दिलं नाही, कारण तो मधेच सोडून खिडकीशी जाईल अशी सगळ्यांना खात्री होती.

साहेब आले. बाहेरून बंद दार पाहून समाधानाने निघून गेले. पण लोकही यायचे. दुसऱ्या कुणाचा काका, कुणाची बहीण. बाहेरून कुणी ढकललं की वॉचमन म्हणायचा, "हळू," आणि तिघं पावलं टाकत दार आत फिरवायचे. तात्या जागेवरच गिरकी घ्यायचे. माणूस आत आला की परत तसंच. येणाऱ्यांपैकी कुणी काही विचारलं नाही. इस्पितळात माणसं आपापल्या काळजीत असतात, दारामागे तीन माणसं चिकटलेली असली तरी ती म्हणतात, असेल काहीतरी पद्धत. दार फिरताना कर्र असा आवाजही येत होता, असं विहीणबाई आजही सांगतात. तात्या म्हणतात, तो गुडघ्याचा होता.

बराच वेळ झाला. कुणी येईना.

"व्याहीबुवा."

"हं."

"त्या दिवशी माझं कपाट का उघडलंत?"

तात्यांनी दाराला खांदा दिला. "लेक द्यायची होती. भीती वाटली. भीती वाटली की मला काहीतरी उघडून बघावं लागतं."

"तसं सांगायचंत ना. मी म्हटलं, माणूस चोर तरी असेल नाहीतर वेडा तरी."

"मग कोणता निघालो?"

"चोर असतात ते कपडे घेऊन जातात," विहीणबाई म्हणाल्या.

वॉचमनला हसू आलं आणि त्याची बाजू खाली घसरली. "धरा, धरा," तात्या म्हणाले. पुन्हा सगळे नीट उभे राहिले.

"तुम्हाला काय वाटतं," तात्यांनी जरा वेळाने विचारलं, "फुगवला असेल?"

"मला नका विचारू. मी आतल्या आत टाके मोजतेय."

तेवढ्यात दारावर कुणीतरी टकटक केलं. बोटाच्या पेरानं, हलकेच.

"या," तात्या म्हणाले, आणि तिघांनी मिळून दार उघडलं.

डॉक्टर होत्या. डोक्याला अजून ती कापडी टोपी. दारासकट फिरलेल्या तीन माणसांकडे त्यांनी क्रमाने पाहिलं आणि कुणाला सांगावं हे न कळून दारालाच सांगितल्यासारखं म्हणाल्या,

"उघडली."

जावई मटकन खाली बसला.

"फुगा फुगवताना आधी मधे कंबर धरल्यासारखा आवळलेला होता. मग ती आवळण एकदम सुटली. आता रक्त पुढून जातंय. रंग सुधारतोय. मागची पाचर आज लगेच काढणार नाही, एकदोन दिवस हळूहळू कमी करू. तिच्या हृदयाला पुढच्या दाराची सवय व्हायला हवी. परत एकदा करावं लागेल की नाही, ते आज सांगता येणार नाही."

"आणि फट?" तात्यांनी विचारलं.

"आहे. थोडं गळतंय."

"काय गळतंय?" वॉचमनने घाबरून वर छताकडे पाहिलं. "ते मेंटेनन्सचं काम, माझ्याकडे नाही ते."

जावयाचा फोन वाजला. खालून होता. त्याला बोलता येईना, म्हणून त्याने जमिनीवर बसल्या बसल्या फोन वर केला आणि तात्यांच्या कानाला लावला. तात्यांचे दोन्ही हात दारात गुंतलेले.

"बाबा," लेक म्हणाली, "उघडलं?"

"उघडलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मी नाही," तात्या म्हणाले. "त्या बाईंनी. फुग्यानं."

"फुग्यानं दार उघडतं?"

"उघडतं म्हणे. मला अजून पटलेलं नाही. पण उघडलंय."

"मग सगळं नीट आहे?"

"थोडं गळतंय. तसं चालतं. डॉक्टर लक्ष ठेवणार आहेत."

"बाबा, ती दिसते कशी? मला कुणी नीट सांगतच नाही. रंग कसाय? केस आहेत का? तुम्ही बघितली ना?"

सकाळपासून तात्या तिच्या झडपेबद्दल, चौकटीबद्दल, मागच्या-पुढच्या दाराबद्दल बोलत होते. "नाही बघितली," ते म्हणाले.

"का?"

"मी दार धरून उभा होतो."

"कसलं दार?"

तात्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मान डोलावली आणि बाळाच्या खोलीकडे हात केला. "एकेकानं. हात धुऊन."

"थांब," तात्या फोनमध्ये म्हणाले. "बघून सांगतो." आणि त्यांनी दार सोडलं.

बिजागरीची बाजू सुटल्यावर काय होतं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पण ते थांबले नाहीत. वॉचमन ओरडला, जावई उठून धावला, फोन कसाबसा विहीणबाईंच्या खांदा आणि कानाच्या मधे अडकला.

"हॅलो? बाबा? काय पडलं?"

"काही नाही गं, मी आहे," विहीणबाई दाराखालून म्हणाल्या. "तुझे बाबा पोरीला बघायला पळाले. दार टाकलंय आमच्या अंगावर. तू फोन ठेवू नकोस, ते येऊन सांगतायत."